क्वार्टरबॅकविना उभा राहिलेला संघ

अमेरिकन फुटबॉलमध्ये आक्रमणाची सारी मदार क्वार्टरबॅकवर असते. १९५९च्या प्रारंभी व्हिन्स लोम्बार्डी यांनी ग्रीन बे पॅकर्सची सूत्रे स्वीकारली, तेव्हा नेमका तोच मोहरा त्यांच्याकडे नव्हता. आदल्या मोसमात संघाने बारापैकी अवघा एक सामना जिंकला होता.

ब्रुकलिनमध्ये १९१३ साली जन्मलेले लोम्बार्डी मूळचे शाळाशिक्षक. पुढे वेस्ट पॉइंट आणि न्यूयॉर्क जायंट्समध्ये ते सहायक प्रशिक्षक होते. पंचेचाळिशीत मिळालेली ही संधी उशिराचीच म्हणायची. बार्ट स्टार संघात होता. पण १९५६च्या खेळाडू निवडीत सतराव्या फेरीपर्यंत तो कोणालाच नको होता. लोम्बार्डींनीही आधी लमार मॅकहॅनलाच पसंती दिली. दरम्यान, क्वार्टरबॅक म्हणून चाचपडणाऱ्या पॉल हॉर्नंगला त्यांनी हाफबॅक केले आणि 'पॉवर स्वीप' हा एकच डाव अक्षरशः घोटून घेतला. दोन गार्ड बाजूला धावून वाट मोकळी करतात आणि मागून हाफबॅक चेंडू घेऊन निघतो, असा हा साधा डाव. प्रतिस्पर्ध्यांना तो ठाऊक असूनही रोखता येत नसे.

तो मोसम सात विजय, पाच पराभवांनी संपला. अखेरच्या टप्प्यात सूत्रे स्टारकडे आली होती. १९६०च्या अंतिम लढतीत फिलाडेल्फियाने १७-१३ असे हरवले. त्यानंतर मात्र १९६७पर्यंत पाच विजेतेपदे आणि पहिले दोन्ही सुपर बोल पॅकर्सचे. या दोन्ही सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला, तो स्टार!

१९६९मध्ये वॉशिंग्टनचा दुबळा संघही लोम्बार्डींनी सावरला. ३ सप्टेंबर १९७० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले.