घोरपड बाजूला ठेवा, आधी तानाजी बघा!

सुट्टीच्या दिवशी सिंहगडावर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, देवटाक्याचं पाणी झालं की माणसं तानाजी कड्याकडं वळतात. तिथं पोरांना घोरपडीची गोष्ट सांगितली जाते. पोरं घोरपड लक्षात ठेवतात, माणूस मागं राहतो.

मालुसरे घराणं मूळचं पाचगणीजवळच्या गोडवलीचं सांगतात. तानाजी पुढं पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला राहिले. १६६१ साली संगमेश्वरला मुक्काम असताना शृंगारपूरच्या सुर्व्यांच्या फौजेनं रात्री छापा घातला. सोबतचा पिलाजी घाबरून पळू लागला. तानाजींनी त्याला पकडून दोरानं दगडाला बांधलं आणि स्वतः लढत राहिले. शिवभारतात हा प्रसंग आहे. एवढ्यावरून माणूस कसा होता ते कळतं.

१६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना गेले, त्यात कोंढाणा होता. राजगडावरून हा किल्ला समोर दिसतो. रोज डोळ्यापुढं शत्रूचं निशाण! घरात रायबाचं लग्न निघालं होतं, ते बाजूला ठेवून तानाजींनी ही कामगिरी उचलली, असं परंपरा सांगते.

फेब्रुवारी १६७०, माघ वद्य नवमीची अंधारी रात्र. मावळे कडा चढून गेले. किल्लेदार उदेभान राठोड कच्चा नव्हता. झुंजीत तानाजींची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही. डाव्या हाताची ढाल करून ते वार झेलत राहिले. शेवटी दोघंही पडले. मावळे बिथरले, तेव्हा भाऊ सूर्याजींनी त्यांना सावरून गड घेतला. मग पागेची घरं पेटवली. तो उजेड राजगडावरून महाराजांनी पाहिला आणि गड आल्याचं ओळखलं. तानाजी गेल्याचं मात्र जासूद आल्यावरच समजलं.

हे सगळं सभासदानं पंचवीसेक वर्षांनी लिहिलं. त्यात मावळे वानरासारखे कडा चढले, एवढंच आहे. घोरपड आली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. गडाचं नावही या लढाईनंतर पडलं असं सर्रास सांगतात, पण सिंहगड हे नाव महाराजांच्या १६६३ च्या पत्रात आहे. म्हणजे घोरपड गेली, नावाची गोष्टही गेली. तुटलेली ढाल आणि उघडा हात तेवढा उरतो, आणि तोच खरा.

तानाजींची समाधी गडावर आहे, तशी उमरठलाही आहे. त्यांचा देह ज्या वाटेनं कोकणात उतरवला, तिला मढे घाट म्हणू लागले, असं तिकडची जुनी माणसं सांगतात. पावसाळ्यात धबधबा बघायला तिथं गाड्यांची रांग लागते. उमरठ त्याच घाटाखालच्या मुलखात आहे.