पसायदान : बीडशी नातं असलेल्या ज्ञानेश्वरांनी ९ हजार ओव्यांनंतर जगासाठी काय मागितलं?

शाळेची प्रार्थना असो, कीर्तनाचा शेवट असो की एखाद्या कार्यक्रमाचा समारोप, पसायदान महाराष्ट्रात सगळीकडे ऐकू येतं. लता मंगेशकरांच्या आवाजात आणि हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीत तर ते घराघरांत पोहोचलं.

पण पसायदान ही स्वतंत्र प्रार्थना नाही. सुमारे ९ हजार ओव्यांच्या ज्ञानेश्वरीचा तो समारोप आहे. मैफल जशी भैरवीने संपते, तसा हा ग्रंथ पसायदानाकडे येऊन थांबतो. ते मागणाऱ्याच्या वाट्याला तोवर काय आलं होतं, हे माहीत असेल तर या ९ ओव्या वेगळ्याच ऐकू येतात.

बीडचा संबंध काय?

ज्ञानेश्वरांचं घराणं पैठणजवळच्या आपेगावचं. हे गाव गोदावरीच्या काठावर आहे आणि नदी ओलांडली की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. ज्ञानेश्वरांचे पणजोबा त्र्यंबकपंत यादवांच्या काळात बीडचे देशाधिकारी होते, असं परंपरा सांगते. म्हणजे घराणं चांगलं मान असलेलं होतं.

दुसरा धागा गुरुपरंपरेचा. मच्छिंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, मग थोरले बंधू निवृत्तीनाथ आणि त्यांच्याकडून ज्ञानेश्वर, असा हा क्रम. यातल्या मच्छिंद्रनाथांची समाधी आष्टी तालुक्यात सावरगावजवळ मायंबा इथे आणि गहिनीनाथांची समाधी पाटोदा तालुक्यातल्या गहिनीनाथ गडावर असल्याची भाविकांची श्रद्धा आहे. दोन्ही ठिकाणं बीड जिल्ह्यातली.

मानाच्या घरावर बहिष्कार कसा पडला?

वडील विठ्ठलपंतांनी लग्नानंतर काशीला जाऊन संन्यास घेतला. पत्नी रुक्मिणीबाई आळंदीत मागे राहिल्या. गुरूंना हे कळल्यावर त्यांनी विठ्ठलपंतांना पुन्हा संसारात परत पाठवलं. पण संन्यासी परत गृहस्थ झाला, हे तेव्हाच्या धर्मपंडितांना मान्य नव्हतं. कुटुंब वाळीत पडलं.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडं याच काळात जन्मली. प्रचलित गणनेनुसार ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५ चा. मुलांच्या मुंजी करायला कुणी तयार नव्हतं. मुलांचं काहीतरी व्हावं म्हणून विठ्ठलपंतांनी प्रायश्चित्त विचारलं, तर देहान्ताशिवाय उपाय नाही असं सांगितलं गेलं. मुलांचा मार्ग मोकळा होईल या आशेने आईवडिलांनी तेही स्वीकारलं.

तरीही प्रश्न सुटला नाही. पोरकी झालेली ही भावंडं शुद्धिपत्र मिळवायला पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे गेली. रेड्याच्या तोंडून वेद वदवल्याची कथा याच वेळची सांगतात. चमत्कार बाजूला ठेवला, तरी काही न केलेल्या मुलांना आपण शुद्ध आहोत हे सिद्ध करावं लागत होतं, हे उरतंच.

१५ व्या वर्षी ज्ञानेश्वरी

पैठणहून ही मंडळी नेवाशाला आली. तिथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली ज्ञानेश्वरांनी भगवद्गीतेच्या ७०० श्लोकांचा अर्थ मराठीत सांगितला आणि सच्चिदानंद बाबांनी तो लिहून घेतला. ज्ञान संस्कृतात बंद होतं. ज्यांना ते वाचता येत नव्हतं, त्यांच्या भाषेत ते आलं.

अठराव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानेश्वर आपली गुरुपरंपरा सांगतात आणि मग आपल्या या वाणीच्या यज्ञाबद्दल विश्वरूप देवाकडे प्रसाद मागतात. तेच पसायदान.

मागितलं काय?

दुष्टांचा नाश व्हावा असं ते म्हणत नाहीत. दुष्टांच्या मनातला वाकडेपणा जावा, त्यांना चांगल्या कामाची गोडी लागावी आणि सगळ्या जीवांत मैत्री व्हावी, असं म्हणतात.

त्यानंतर ज्याला जे हवं ते त्याला मिळावं, असं मागणं येतं. इथे क्रम महत्त्वाचा आहे. वाकडेपणा तसाच ठेवून प्रत्येकाची इच्छा पूर्ण झाली, तर जगाचं भलं होणार नाही. म्हणून आधी मन सरळ होणं, मग इच्छा पूर्ण होणं. आणि या मागण्याला जातीची, कुळाची, शुद्धिपत्राची कुठलीही अट नाही.

पुढे सज्जनांचं वर्णन येतं. डाग नसलेला चंद्र, ताप न देणारा सूर्य. अशी माणसं सगळ्यांची सोयरी व्हावीत, असं ते मागतात. ज्यांच्याशी सोयरीक करायला समाज तयार नव्हता, त्या घरातला मुलगा हे मागतोय.

शेवटच्या ओवीत गुरू हे दान देतात आणि ज्ञानदेव सुखी होतात. स्वतःसाठी वेगळं काही मागणं नाही. आईवडिलांच्या मृत्यूचा हिशेबही नाही.

पुढे काय झालं?

ज्ञानेश्वरांनी अमृतानुभव आणि ६५ ओव्यांची चांगदेव पासष्टी लिहिली. त्यांच्या हरिपाठाचे अभंग आजही घरोघरी म्हटले जातात. संत नामदेवांबरोबर त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली कार्तिक वद्य त्रयोदशीला, अवघ्या २१ व्या वर्षी त्यांनी आळंदीला समाधी घेतली. त्याच वर्षी अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली आणि यादवांचं राज्य हादरलं. राज्य काही वर्षांत संपलं, ग्रंथ मात्र टिकला. पुढे १५८४ मध्ये संत एकनाथांनी त्याची प्रत शुद्ध केली.

आज बीडचं नाव बहुतेक वेळा दुष्काळ, ऊसतोडीसाठीचं स्थलांतर, गुन्हे आणि जातींमधला तणाव यांच्या बातम्यांत येतं. याच जिल्ह्यात शाळांपासून सप्ताहांपर्यंत पसायदान म्हटलं जातं. शेवटी म्हणतात म्हणून बऱ्याचदा ते उठायच्या घाईत संपतं. पण समोरचा संपावा असं न मागता त्याच्यातला वाकडेपणा संपावा असं मागणं सोपं नाही. ज्याच्याकडे रागावण्याचं सगळ्यात मोठं कारण होतं, त्याने ते मागून ठेवलंय.