कोचीनचे वकील कै. ए. बी. सालेम



बेअरशेवा आणि दिमोना या बाजूला राहणाऱ्या आपल्या मंडळींना नेवातीमचे कोचीनी लोक नवे नाहीत. बाजारात भेट होते, लग्नाकार्याला जाणे-येणे असते, त्यांची मल्याळम आणि आपली मराठी एकमेकांना कळत नाही म्हणून हिब्रूत बोलणे होते. परंतु हे लोक कोचीनहून येथे आले कसे, आणि त्यांच्यासाठी धावपळ कोणी केली, हे आपल्यातील फारच थोड्यांना ठाऊक आहे. ज्यांनी ती केली ते स्वतः मात्र कोचीनमध्येच राहिले आणि तेथेच १९६७ साली वारले. त्यांचे नाव अब्राहाम बाराक सालेम. कोचीन संस्थानच्या विधिमंडळात ते दोन वेळा मिळून बारा वर्षे सभासद होते. विधिमंडळात बसायला मिळालेल्या या गृहस्थांना आपल्या स्वतःच्या सिनेगॉगमध्ये मात्र बाकावर बसायला जागा नव्हती. त्यांची हकीकत सांगावी असे पुष्कळ दिवस आमच्या मनात होते.

सालेम यांचा जन्म १८८२ सालचा. कोचीनच्या मट्टांचेरी भागातील ज्यू टाउनमध्ये जे परदेशी सिनेगॉग आहे, त्याच्याशी त्यांचे घराणे जोडलेले होते. हे सिनेगॉग १५६८ साली बांधलेले. पलीकडे राजवाडा, त्याला लागून देऊळ आणि इकडे सिनेगॉग, अशी ही शेजारची वस्ती. पुढे १७६० साली एझिकेल राहबी यांनी त्याला घड्याळाचा मनोरा बांधून दिला आणि चीनहून निळ्या नक्षीच्या फरश्या आणून जमिनीवर बसविल्या. पाहायला जाणारा माणूस या फरश्या पाहूनच थक्क होतो. परंतु त्या फरश्यांवर कोण कोठे बसत असे, हे त्याला कोणी सांगत नाही.

कोचीनच्या यहुद्यांत वर्ग होते. मलबारी यहुदी संख्येने सर्वांत मोठे आणि सर्वांत जुने. त्यांना काळे म्हणत. स्पेन, इराक वगैरे देशांतून मागाहून आलेले ते परदेशी, म्हणजे गोरे. त्यांची संख्या जेमतेम शंभराच्या घरात. आणि तिसरा वर्ग मेशुहरारीम यांचा. या हिब्रू शब्दाचा अर्थ मुक्त केलेले. पूर्वी परदेशी घरांत जे दास-दासी होते, त्यांना धर्मात घेऊन मोकळे केले. त्यांची आणि त्यांच्या वंशजांची ही ओळख. मोकळे केले खरे, परंतु पुढील पिढ्यांनाही तो शब्द चिकटून राहिला. सालेम याच वर्गातले.

या लोकांवर बंधने कोणती होती ती ऐका. सिनेगॉगमध्ये बाकांवर बसायचे नाही. बाहेरच्या दालनात, ज्याला अझारा म्हणतात तेथे, किंवा मागे खाली जमिनीवर बसायचे. सेफर तोरापुढे आलियाचा मान नाही. काही पियुतीम म्हणण्याची परवानगी नाही. परदेशी घराण्यांशी सोयरीक नाही. मेल्यावर दफनाची जागासुद्धा वेगळी. शब्बाथ तेच पाळायचे, किप्पूरचा उपास तोच करायचा, आणि दाराशी थांबायचे.

याला शास्त्राचा आधार होता म्हणावे तर तेही नाही. सोळाव्या शतकात कोचीनहून हा प्रश्न कैरोच्या रब्बी दावीद बेन झिम्रा यांच्याकडे गेला होता. विधिपूर्वक तेविला झाल्यावर हे लोक पूर्ण यहुदी आहेत, त्यांच्याशी विवाहसंबंध करण्यास हरकत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. निर्वाळा पेटीत राहिला आणि रूढी चालू राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेशुहरारीमांनी अवो नावाच्या पुढाऱ्याच्या हाताखाली वेगळे होऊन ब्रिटिश कोचीनमध्ये स्वतःची प्रार्थना सुरू करून पाहिली. पण तो प्रयत्न टिकला नाही आणि त्यांना परत यावे लागले.

अशा घरात सालेम वाढले. आईनेच त्यांचा सांभाळ केला. एर्नाकुलमच्या महाराजा कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, पुढे मद्रासला जाऊन ते बी.ए. झाले आणि तेथेच त्यांनी कायद्याची पदवी घेतली. कोचीनच्या यहुद्यांत पदवीधर होणारे आणि वकील होणारे ते पहिले. बाकांवर बसणाऱ्यांपैकी कोणाकडे ती पदवी नव्हती, ती अझारात बसणाऱ्याकडे आली. परत येऊन एर्नाकुलमच्या कोर्टात त्यांनी वकिली सुरू केली आणि थोड्याच काळात त्यांना सार्वजनिक कामाची गोडी लागली. कामगारांच्या लहान लहान संघटना त्यांनी उभ्या केल्या. एर्नाकुलममध्ये एका लहानशा टेकाडावर उभे राहून ते भाषणे करीत, आणि लोक त्या जागेला सालेम कुन्नू म्हणू लागले. कुन्नू म्हणजे टेकडी.

कोचीन संस्थानात विधिमंडळ स्थापन झाले ते १९२५ साली. ४५ सभासद, त्यांतील ३० निवडलेले आणि बाकीचे सरकारने नेमलेले, अशी रचना होती. मत देण्याचा हक्क सर्वांना नव्हता. ज्याच्याकडे मालमत्ता किंवा शिक्षण आहे त्यालाच तो मिळे. तरीसुद्धा संस्थानी मुलखात ही गोष्ट लहान नव्हती. निम्म्याहून अधिक सभासद निवडलेले असणारी सभा त्या काळी कित्येक मोठ्या संस्थानांतही नव्हती. सालेम या विधिमंडळात अगदी आरंभापासून होते. १९२५ ते १९३१ ही त्यांची पहिली कारकीर्द.

याच कारकिर्दीत, १९२९ च्या डिसेंबरात, ते लाहोरच्या काँग्रेस अधिवेशनाला गेले. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते आणि संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव झाला तो याच अधिवेशनात. संस्थानच्या विधिमंडळातील सभासदाने ब्रिटिश हद्दीतील अशा सभेला जाऊन बसावे, हे महाराजांच्या अधिकाऱ्यांना कितपत रुचले असेल याची कल्पना आपल्या जुन्या मंडळींना येईल. त्या वेळी काँग्रेसने संस्थानांतील कारभारात प्रत्यक्ष हात घातलेला नव्हता. तेव्हा संस्थानातील कार्यकर्त्याला आपल्या हिमतीवरच काम करावे लागे.

आणि त्याच १९२९ साली सालेम यांनी आणखी एक गोष्ट केली. ज्यू टाउनच्या सिनेगॉगची माहिती देणारे एक छोटे इंग्रजी पुस्तक लिहून त्यांनी प्रसिद्ध केले, त्याचे नाव इटर्नल लाइट. ज्या वास्तूत आपल्याला मान नाही, तिची माहिती जगाला करून देणारे पुस्तक याच माणसाने लिहिले. आम्हांला त्यांच्या सर्व कामांत हे लहान पुस्तक फार बोलके वाटते. सिनेगॉग आपले नाही असे त्यांनी एक दिवसही मानले नाही.

आता सिनेगॉगमधील लढ्याकडे वळू. काही काळ सालेम यांनी सिनेगॉगवर बहिष्कार घातला, तेथे जाणेच बंद केले. आमच्या मते बहिष्काराने समोरच्यांची सोयच होते; जो नको आहे तो आपण होऊन येत नाही, मग भांडण उरलेच कोठे? सालेम यांनी पुढे तो मार्ग सोडला आणि ते परत गेले. परत गेले ते सत्याग्रह करण्यासाठी. गांधीजींची पद्धत त्यांनी आपल्याच प्रार्थनास्थळात चालविली, म्हणून पुढे त्यांना ज्यू गांधी हे नाव पडले.

काळ कोणता होता तेही ध्यानात घ्यावे. शेजारच्या त्रावणकोरात वायकोमच्या देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठी १९२४-२५ मध्ये सत्याग्रह झाला. आपल्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याच्या गावांवरून आपली आडनावे पडली त्याच जिल्ह्यात, १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला. १९३० साली नाशिकला काळाराम मंदिराचा. त्रावणकोरच्या महाराजांनी १९३६ साली देवळे सर्वांना उघडी केली, परंतु कोचीन संस्थानात त्याला १९४७ उजाडावे लागले. म्हणजे देवळाच्या दारात जे चालले होते तेच पलीकडे सिनेगॉगच्या दारात चालले होते. सालेम यांना दोन्ही दारे एकच दिसली असावीत.

एका दिवसात काही घडले नाही. तिसाव्या दशकात मेशुहरारीमांना मागच्या बाकांवर बसू देण्यात आले. मग चाळीसच्या सुमारास सेफर तोरापुढे उभे राहण्याचा मान मिळू लागला. एकेक बंधन गळून पडायला वर्षे लागली. सर्वांत शेवटी राहिली सोयरीक. १९५० साली सालेम यांच्या एका चिरंजिवांचे लग्न परदेशी घराण्यातील मुलीशी झाले. कोचीनच्या वडीलधाऱ्यांची संमती नव्हती, म्हणून लग्न मुंबईला लागले. जोडपे कोचीनला परतून सिनेगॉगमध्ये गेले, तेव्हा स्त्रियांच्या गॅलरीतून बायका निषेध म्हणून उठून गेल्या. देश स्वतंत्र होऊन तीन वर्षे झाली होती.

येथे वाचकांपैकी कोणी मान हलवून कोचीनच्या लोकांना नावे ठेवील, म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या बेने इस्रायलांतही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते. सोयरीक नव्हती, कित्येक घरांत जेवणाची भांडीही वेगळी ठेवीत. आपल्याकडे सालेम झाला नाही. शहरात आल्यावर ती गोष्ट हळूहळू मागे पडली, आणि मागे पडली म्हणून कोणी तिच्याविषयी बोलत नाही, एवढेच.

१९३१ नंतर सालेम विधिमंडळाबाहेर होते. याच मधल्या काळात ते पॅलेस्टाइनला जाऊन आले. वसाहती पाहिल्या, शेतात काम करणारे यहुदी पाहिले, आणि त्यांच्या मनात झायोनवादाने घर केले. तोपर्यंत हिंदी राष्ट्रीय चळवळ हेच त्यांचे सर्वस्व होते. आपल्या मुंबईच्या पुढाऱ्यांनाही झायोनवादाविषयी बरीच वर्षे संकोच होता, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. सालेम यांनी एक सोडून दुसरे धरले नाही. दोन्ही धरली.

१९३९ ते १९४५ ही त्यांची विधिमंडळातील दुसरी कारकीर्द. मधल्या काळात, १९३८ साली, कोचीनमध्ये द्विदल राज्यपद्धती आली होती आणि काही खाती लोकांच्या मंत्र्याकडे गेली होती. संस्थानांत असे प्रथम कोचीननेच केले. पण ही सहा वर्षे युद्धाची. १९४२ मध्ये ब्रह्मदेश पडला, तेथून येणारा तांदूळ बंद झाला, आणि ज्या मुलखाचे पोट त्या तांदळावर होते तेथे रेशनवर दिवस काढण्याची पाळी आली. १९४५ नंतर सालेम पुन्हा विधिमंडळात गेले नाहीत. १९४९ साली कोचीन आणि त्रावणकोर एक झाले, १९५६ मध्ये केरळ राज्य झाले, आणि ज्या संस्थानचे ते सभासद होते ते संस्थानच नकाशावर राहिले नाही.

पण त्यांचे मोठे काम अजून व्हायचे होते. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले तेव्हा कोचीनकडे अडीच हजारांच्या आसपास यहुदी होते. मलबारी यहुद्यांनी जाण्याचा निश्चय केला. पुष्कळांनी घरेदारे, दुकाने विकली आणि सामान बांधून बसले. इकडून मात्र परवानगी येईना. कोचीनच्या बाजूला हत्तीरोग असतो; ती साथ देशात येईल अशी भीती इस्रायलच्या आरोग्य खात्याला वाटत होती. घर विकलेले, जहाज नाही, शिल्लक संपत चाललेली, अशी कित्येक कुटुंबांची अवस्था झाली.

तेव्हा सत्तरी ओलांडलेले सालेम १९५३ साली इस्रायलला आले आणि या लोकांची बाजू त्यांनी येथे मांडली. कोणासाठी मांडली हे पाहण्यासारखे आहे. जाण्याच्या घाईत होते ते आठ सिनेगॉगपैकी मलबारी यहुद्यांचे सात सिनेगॉगवाले. सालेम त्यांच्यापैकी नव्हते. वैद्यकीय तपासणीची अडचण अखेर दूर झाली आणि १९५४-५५ मध्ये एर्नाकुलम, चेंदमंगलम, परूर, माळा येथील लोक मोठ्या संख्येने निघाले. माळ्याचे सिनेगॉग गावच्या पंचायतीच्या हवाली करून सगळे गाव उठून आले. नेवातीम, मेसिलात त्सियोन, ताओझ, अविएझर हे त्यांचे मोशाव. गरम हवेच्या पाणथळ मुलखातील माणसे नेगेवच्या धुळीत आली आणि त्यांनी तेथे कोंबड्या पाळल्या, फुले पिकविली.

कोचीनच्या यहुद्यांचे आपल्यावर जुने ऋण आहे, हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कोकणात आपल्या पूर्वजांना प्रार्थना शिकविणारे हझान आणि शिक्षक कोचीनहून आले. शेलोमो सालेम शुरराबी यांचे नाव अजून घेतले जाते. १९६४ च्या उन्हाळ्यात यरुशलेममध्ये आपली मंडळी रब्बीनेटच्या नियमाविरुद्ध धरणे धरून बसली, तेव्हा पुष्कळांच्या मनात गांधीजींचे नाव होते. विवाहाच्या वेळी आपल्याच लोकांच्या कुळाची चौकशी करण्याचा तो नियम होता. त्या ऑगस्टात क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि पुढे नियम बदलला. हीच वाट कोचीनच्या एका वकिलाने एका लहान सिनेगॉगमध्ये तीस वर्षांपूर्वी चालून दाखविली होती, हे त्या धरण्यातील किती जणांना माहीत होते कोण जाणे.

सालेम स्वतः इस्रायलला राहायला आले नाहीत. पासष्टाव्या वर्षी त्यांनी आपल्या देशाला स्वातंत्र्य मिळालेले पाहिले होते, आणि ज्या सिनेगॉगमध्ये बाकासाठी त्यांनी इतकी वर्षे घालविली ते सिनेगॉग ज्यू टाउनमध्ये होते. ते तेथेच राहिले. १९६७ साली त्यांचे देहावसान झाले.

पुढच्याच वर्षी, १९६८ च्या डिसेंबरात, परदेशी सिनेगॉगला चारशे वर्षे पूर्ण झाली. पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभाला आल्या आणि सरकारने सिनेगॉगचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. ज्यू टाउनच्या रस्त्याला नंतर ए. बी. सालेम रोड असे नाव मिळाले. सिनेगॉगकडे जायचे झाले तर त्याच रस्त्याने जावे लागते.