गोपाळबाबा वलंगकर : छावणीतला मान आणि गावातली पायरी



गावातले व्यवसाय शिकवताना मुलं शेतकरी, सुतार, लोहार अशी नावं भराभर सांगतात. मग एखादं हळूच विचारतं, यात सगळ्यात मोठं काम कोणाचं? तेव्हा मी त्यांना गोपाळबाबा वलंगकरांबद्दल सांगते. पाचाडच्या मुलांना इतिहास म्हटलं की रायगड आणि जिजाऊंची समाधी आठवते. गोपाळबाबाही आपल्याच महाड भागातले, रावढळ गावचे, हे मात्र बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं.

त्यांचा जन्म १८४० च्या सुमारास महार कुटुंबात झाला. तेव्हा महारांची कामं ठरलेली असत. गावाची राखण करायची, निरोप पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची. मोबदला म्हणून बलुतं. काम जन्मासोबत यायचं आणि कामासोबत विटाळही चिकटायचा.

यातून बाहेर पडायची एक वाट होती, ती म्हणजे इंग्रजांचं लष्कर. तिथे पगार होता, गणवेश होता आणि शिक्षणही मिळे. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेतच शिक्षक होते. गोपाळबाबा १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. तिथे असे पेन्शनर बरेच होते. हातात पेन्शन, लिहिता-वाचता येतंय, पण छावणीबाहेर त्याला किंमत नाही. त्यांच्या मुलांना शाळेत व्हरांड्यावर बसवत. (शिक्षक म्हणून हे वाचताना मान खाली जाते.)

गोपाळबाबांवर जोतीराव फुल्यांच्या विचारांचा प्रभाव होता. त्यांनी लेखणी हातात घेतली. १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून धर्माचार्यांना आणि शिकलेल्या उच्चवर्णीयांना २६ प्रश्न विचारले. 'दीनबंधू' पत्रातही ते लिहीत. 'अनार्य दोष परिहारक मंडळी' ही संस्था काढली.

पुढे काय झालं बघा. १८९० नंतर लढवय्या जाती कोणत्या हे सरकारनेच ठरवलं आणि महारांची लष्करभरती बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत लढलेली माणसं एका हुकुमाने लढाईला नालायक ठरली! वर चढायची शिडीच काढून घेतली म्हणा ना. ही भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून गोपाळबाबांनी १८९४ मध्ये विनंतीअर्ज तयार केला. त्यात आपल्या लोकांनी केलेल्या लष्करी सेवेचा दाखला दिला. मागणं तरी काय, तर काम करू द्या एवढंच.

१८९५ मध्ये सरकारने त्यांना महाड तालुका लोकल बोर्डावर नेमलं. उच्चवर्णीय सभासदांना ते रुचलं नाही. शेजारी बसणारा माणूस निवृत्त सैनिक आहे, लेखक आहे, हे त्यांना दिसलंच नाही. दिसलं ते त्याच्या जातीला नेमून दिलेलं काम.

१९०० साली गोपाळबाबा गेले. महाडचं चवदार तळं तेव्हा त्यांच्या समाजाला बंदच होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी त्या पाण्याला हात लावला, तोवर गोपाळबाबांना जाऊन २७ वर्षं होत आली होती.