इतिहासाचार्य राजवाडे आणि आपली दप्तरे

स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी संगणकाबद्दल लिहीन, असे समितीला वाटले असणार. मी लिहिते आहे वि. का. राजवाडे यांच्याबद्दल. का, ते शेवटी सांगते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा. वडील लहानपणीच गेले. शिक्षण पुण्यात झाले, पण परीक्षेच्या पुस्तकांपेक्षा इतर वाचन जास्त, त्यामुळे बी. ए. व्हायला बराच उशीर लागला. पत्नी तरुणपणीच वारली. पुन्हा लग्न केले नाही. जगातले उत्तम ग्रंथ मराठीत यावेत म्हणून १८९४ मध्ये त्यांनी ‘भाषांतर’ मासिक काढले. ते काही वर्षांत बंद पडले.

मग वाईला सापडलेल्या जुन्या पत्रांनी त्यांना आयुष्याचे काम दिले. पानिपतच्या काळातली ही पत्रे १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून छापली गेली. पुढे असे बावीस खंड निघाले.

हे काम किती अवघड होते, याची आज कल्पना येत नाही. मोडीतले कागद रुमालात बांधून वाड्यांच्या माळ्यावर पडलेले असत. काहींना वाळवी लागे, काही रद्दीत जात. मालक दाखवायला कचरत. आपल्या इनामावर गदा येईल अशी भीती असे. राजवाडे गावोगाव हिंडले, पुष्कळदा पायी. स्वयंपाक स्वतः करायचा, कपडे मोजकेच. माणसांना समजवायचे, कागद वाचायचे, नकला करायच्या. यासाठी त्यांना ना सरकारी हुद्दा होता, ना पगार.

एका माणसाच्या आयुष्यात हे संपणारे नव्हते. १९१० मध्ये सरदार खंडेराव मेहेंदळे यांच्यासह त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. सभासदांनी वर्गणी द्यायची, घराण्यांनी दप्तरे सोपवायची, अभ्यासकांनी वेळ द्यायचा, अशा लोकांच्या बळावर ते वाढले. सदाशिव पेठेतल्या त्या वास्तूत आज लाखो कागद जपलेले आहेत.

राजवाडे स्वभावाने तापट होते. मतभेद झाल्यावर स्वतः स्थापन केलेल्या मंडळापासूनही ते दूर गेले. शेवटची वर्षे धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच वारले. त्यांच्या पश्चात धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन संस्था उभारून त्यांचा संग्रह सांभाळला. त्यांचे अनेक निष्कर्ष पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढले, त्यांच्या जातिविषयक मतांवर कडक टीका झाली. पण मूळ पत्रे त्यांनी छापून ठेवली होती, म्हणून त्यांच्या विरोधात लिहिणाऱ्यांनाही त्याच खंडांचा आधार घेता आला. मला त्यांची ही देणगी सर्वांत मोठी वाटते.

आमच्या व्यवसायात एक साधा नियम आहे: ज्याची एकच प्रत आहे, ते हरवलेच असे समजा. आपल्या शाळेची जुनी जनरल रजिस्टरे, हस्तलिखित मासिके आणि स्नेहसंमेलनांचे फोटो यांची एकच प्रत आहे. काही पानांच्या कडा गळू लागल्या आहेत, हे समितीतल्या सर्वांनी पाहिले आहे. पहिल्यांदा शाळेत आलेल्या कुणाच्या आजीचे नाव आणखी दोन पावसाळ्यांनी वाचता येईल का, हा प्रश्न आहे.

म्हणून माझी सूचना अशी. मेळाव्याच्या निधीतून मांडवावरचा थोडा खर्च कमी करून आम्लरहित वेष्टने, एक चांगले लोखंडी कपाट आणि स्कॅनर घ्यावा. मुख्याध्यापकांच्या परवानगीने महिन्यातले दोन रविवार स्कॅनिंग करावे. रजिस्टरांत लोकांची खासगी माहिती आहे, तेव्हा त्या प्रती शाळेच्याच ताब्यात राहतील. मासिके आणि फोटो मात्र सर्वांना पाहता यावेत. परदेशातल्यांनी पैसे द्यावेत, गावातल्यांनी वेळ द्यावा. आणि निवृत्त बाई-सरांनो, फोटोतल्या चेहऱ्यांना नावे तुम्हीच देऊ शकता. ते काम पैशाने होणार नाही.

माझा वाटा मी खजिनदारांकडे दिला आहे. पहिल्या रविवारी स्कॅनरपाशी मी असेन. सोबत कोण येते, ते कळवा.