दिवाण शेषाद्री अय्यर

शेषाद्रीपुरम् हे नाव ज्यांच्यामुळे पडले, ते सर के. शेषाद्री अय्यर पालघाटनजीक १८४५ साली जन्मले आणि १८८३ पासून अठरा वर्षे म्हैसूरचे दिवाण होते. शिवनसमुद्राच्या धबधब्यावर वीज निर्माण करून ती सुमारे १४७ किलोमीटर दूर कोलारच्या सुवर्णखाणींना पुरवावी, ही योजना अभियंता लॉतबिनिएर यांची. तीवर राज्याचा पैसा लावण्याचे धैर्य मात्र दिवाणांचे. (आम्हां सरकारी नोकरांस हे धैर्य किती जड जाते!) विजेचा दाब सुमारे ३५,००० व्होल्टांपर्यंत चढविला, की प्रवाह कमी होतो व तारांत वाया जाणारी शक्ती घटते, खाणींवर तो दाब पुन्हा उतरविला जाई. जून १९०२ मध्ये खाणींना वीज पोहोचली. दिवाण सप्टेंबर १९०१ मध्येच निवर्तले होते.