श्रीसंत बहिणाबाईंचे बाळपण

श्रीसंत बहिणाबाई शिऊरकर यांचे नाव वारकऱ्याला नवे नाही. आपल्या संप्रदायाला देवळाची उपमा देणारा जो अभंग आपण कीर्तनात नेहमी म्हणतो, तो त्यांच्याच नावावर आहे. कोल्हापूरच्या वासराची गोष्टही कीर्तनकार बुवा मोठ्या रंगाने सांगतात. पण त्या चमत्काराच्या भरात वासराला उराशी धरणारी पोर झाकली जाते. या खेपेला आम्ही त्या पोरीकडे पाहावे म्हणतो.

बाईंचा जन्म १६२८ सालचा, वेरूळजवळच्या देवगावचा. वडील आऊजी हे गावचे कुलकर्णी, आई जानकी. पाचव्या वर्षी बहिणेचे लग्न झाले. नवरा शिऊरचे गंगाधरपंत पाठक. बिजवर, वयाने तिशीचे, वेदविद्येत निपुण, पण स्वभाव साक्षात् जमदग्नीचा. भातुकलीचा संसार मांडायच्या वयात पोरीच्या गळ्यात खरा संसार पडला!

पुढे आऊजींच्या घरावर संकट आले. भाऊबंदांचा तंटा, डोक्यावर कर्ज, त्यात अटक. जावयाने सासऱ्याला सोडविले आणि सगळ्यांनी रातोरात गाव सोडले. बहिणा तेव्हा नऊ वर्षांची. भिक्षा मागत मंडळी पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर करीत कोल्हापुरास पोचली. तेथे हिरंभट नावाच्या सज्जनांनी आपल्या घरी आसरा दिला.

हिरंभटांकडून गंगाधरपंतांना एक कपिला गाय मिळाली. तिचे वासरू बहिणेच्या मागे मागे फिरू लागले. ती पाणी आणायला निघाली की ते निघे, ती बसली की ते बसे. घर गेले, गाव गेला, मैत्रिणी गेल्या. त्या पोरीला धाक न घालता जवळ येणारा जीव कोण, तर हे मुके वासरू. त्या वेळी कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तने चालू होती. तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले ते तेथेच. ती वासराला घेऊनच कीर्तनाला जाई. एके दिवशी गर्दीत लोकांनी वासराला बाहेर काढले. बाहेर ते हंबरू लागले, आत ही रडू लागली. स्वामींनी त्याला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावर हात ठेवला.

गावात बोभाटा झाला नि तो नवऱ्याच्या कानी गेला. त्यांनी बहिणेला केसांना धरून बेदम मारले, बांधून घातले. वय काय, तर अवघे अकरा वर्षांचे! आईबाप जवळ असून मार चुकला नाही. तिकडे गाईवासराने चारापाणी सोडले. थोड्याच दिवसांत वासरू गेले आणि बहिणेची शुद्ध हरपली. काही दिवस ती निपचित पडून होती. मग तिला तुकोबांचे दर्शन झाले नि त्यांनी मंत्र दिला. येथून तिचे मन सावरू लागले.

मार तेवढ्याने थांबला असे मात्र कोणी समजू नये. ब्राह्मणाच्या बायकोने शूद्र गुरू करावा, हे गंगाधरपंतांना सोसवेना. बायको गरोदर असताना तिला टाकून जायला ते निघाले. पण दुखणे आले, महिनाभर अंथरूण धरावे लागले, आणि शुश्रूषा केली ती हिनेच. तेव्हा त्यांचे मन पालटले नि सगळी मंडळी देहूला आली. तेथेही मंबाजीचा जाच सोसावा लागला. पण तुकोबांचे कीर्तन रोज ऐकायला मिळाले. पुढे बाई शिऊरला राहिल्या आणि १७०० साली, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आता आम्हाला सांगायचे ते हे. बाईंनी आपले दुःख गिळून टाकले नाही. आत्मचरित्राचे अभंग रचून त्यांनी सगळे सांगितले: मार सांगितला, वासरू सांगितले, बाईच्या जन्माची तक्रार देवापुढे मांडली. अंतकाळी मुलगा विठोबा याला जवळ बसवून जन्मजन्मांतरीची हकीकतही सांगितली. पतिसेवेचा धर्म त्यांनी गायिला खरा, पण म्हणून मार गोड करून सांगितला नाही.

आजचे मनाचे वैद्यही याच्या जवळचेच सांगतात. लहानपणी बसलेला धाक पोर मोठे झाले म्हणून जातोच असे नाही. कोणाची झोप उडते, कोणी उगाच दचकतो, कोणाला माणसाचा विश्वासच वाटत नाही, कोणी तोच राग आपल्या पोरांवर काढतो. विश्वासाचे माणूस मिळाले, भय सरले, आणि सोसलेले हळूहळू बोलता आले, म्हणजे पुष्कळांना उतार पडतो. बाईंना मायेचे वासरू मिळाले, मस्तकावर हात मिळाला, ऐकणारा विठ्ठल मिळाला.

आमच्या माळकरी घरांतून काय चालते? पोराला बडवायचे, आणि ते मोठेपणी उदास झाले की त्याला सांगायचे, झाले गेले विसर नि नाम घे. सज्जनहो, नाम हे जखमेवरचे झाकण नव्हे. नामाने धीर येतो. त्या धिराने जखम उघडून दाखवावी, जरूर तर वैद्याकडेही जावे, त्यात भक्तीला कमीपणा नाही. आणि ज्यांच्या घरी आज लहान पोर आहे त्यांनी एवढेच करावे: वर उचललेला हात जयरामस्वामींसारखा त्याच्या मस्तकावर ठेवावा.

रामकृष्णहरि.